आयओ२१ मोकळी आहे का? टचस्क्रीन बोर्डाच्या पिनांची माहिती कशी लिहावी

पिवळ्या पीसीबीवर २.८ इंची टचस्क्रीन, पाठीमागे ईएसपी३२-वरूम मॉड्यूल (बोर्ड चालवणारा, वायफाय असलेला कंट्रोलर), कडेला मेमरी कार्डाची खाच. मॉडेल क्रमांक ईएसपी३२-२४३२एस०२८आर. हौशी मंडळी याला 'चीप यलो डिस्प्ले' म्हणतात, लिहिताना नुसतं सीवायडी. स्वस्त आहे आणि सोल्डरिंग न करता वापरता येतो, त्यामुळे हवामान दाखवणाऱ्या घड्याळापासून घरातल्या स्विचच्या पॅनेलपर्यंत कुठेही बसवलेला दिसतो.

याच्या पी३ कनेक्टरशेजारी चार नावं छापलेली आहेत: जीएनडी (जमीन, म्हणजे शून्य व्होल्ट), आयओ३५, आयओ२२, आयओ२१. वाचणाऱ्याला वाटतं, चला, तीन पिना मोकळ्या मिळाल्या. मग तो २१ वर सेन्सरची एसडीए (डेटा) आणि २२ वर एससीएल (क्लॉक) जोडतो, कारण ईएसपी३२ वर आर्डुइनोची आय-टू-सी (सेन्सरशी या दोन तारांवर बोलण्याची पद्धत) लायब्ररी काही सांगितलं नाही तर याच दोन पिना धरते. कोड चढवला की सेन्सर सापडत नाही आणि वर स्क्रीनचा उजेडही बिघडतो: मंद होतो, लुकलुकतो किंवा जातोच. कारण साधं आहे. जीपीआयओ २१ ('आयओ२१' चं पूर्ण नाव; जीपीआयओ म्हणजे कंट्रोलरची सर्वसाधारण वापराची पिन) हीच पिन बॅकलाइट चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरला गेलेली आहे. ती कनेक्टरवर आणून ठेवली म्हणून मोकळी होत नाही.

आयओ३५ ची गत वेगळी. ईएसपी३२ मधल्या ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुट आहेत. त्यांच्यावर एलईडी किंवा रिले जोडला तर तो कधीच चालणार नाही, आणि कोड मात्र बिनतक्रार कंपाइल होईल. त्यांना आतले पुल-अप, पुल-डाउनही (पिन वर किंवा खाली ओढून ठेवणारे रेझिस्टर) नाहीत, म्हणून बटण जोडायचं तर बाहेरून १० किलोओमचा रेझिस्टर लावावाच लागतो. राहिली आयओ२२. ती खरंच मोकळी आहे, पण हीच पिन शेजारच्या सीएन१ कनेक्टरवरही आहे. पी३ वर एक आणि सीएन१ वर दुसरी अशी दोन उपकरणं जोडली तर ती एकाच तारेवर बसतात.

छापलेलं एकही नाव चुकीचं नाही. तरी तीनपैकी दोन पिनांवर माणूस फसतो. टचस्क्रीनच्या बोर्डांत हे जास्त होतं, कारण स्क्रीन, टच, बॅकलाइट आणि मेमरी कार्ड मिळून कंट्रोलरच्या बऱ्याच पिना आधीच खाऊन बसलेले असतात आणि कनेक्टरवर जे येतं ते बहुधा उष्टं असतं. म्हणून अशा बोर्डाचा तक्ता करताना 'पिन' आणि 'काम' असे दोन रकाने पुरत नाहीत. दिशा कुठली, ती पिन आणखी कोणाला जोडली आहे, चालू स्थितीत लाइन वर (३.३ व्होल्ट) असते की खाली (०), आणि रीसेटच्या क्षणी तिच्याकडून काय अपेक्षा आहे, एवढं तरी हवंच.

पिन ३६ म्हणजे नेमकी कुठली

सगळ्यात आधी क्रमांकाचा गोंधळ मिटवायला हवा. वरूम मॉड्यूलच्या कडेला ३८ पाय आहेत आणि त्यांना स्वतःचे क्रमांक आहेत. मॉड्यूलचा ३६ क्रमांकाचा पाय म्हणजे जीपीआयओ २२. आणि जीपीआयओ ३६ आहे ४ क्रमांकाच्या पायावर, डेटाशीटमध्ये त्याचं नाव सेन्सर-व्हीपी. सीवायडीवर जीपीआयओ ३६ टचच्या इंटरप्टला (स्पर्श झाल्याची खबर देणाऱ्या तारेला) दिलेली आहे. कागदावर नुसतं 'पिन ३६' लिहिलं असेल तर एक जण आय-टू-सीच्या तारेवर मीटर टेकवतो आणि दुसरा टचच्या तारेवर, आणि दोघांचंही चुकलेलं नसतं. आणखी वाईट जोडी १३-१४ ची: मॉड्यूलचा पाय १४ म्हणजे जीपीआयओ १२, पाय १३ म्हणजे जीपीआयओ १४, आणि जीपीआयओ १३ सापडते पाय १६ वर. हे तिन्ही स्क्रीनच्या एसपीआय तारा (एक क्लॉक, दोन डेटा) आहेत, म्हणजे नेमक्या तिथेच चूक होते जिथे ती महागात पडते.

नियम एकच ठेवावा: जीपीआयओचा आकडा देताना प्रत्येक वेळी 'जीपीआयओ' किंवा 'आयओ' लिहायचं, कनेक्टरचा आकडा देताना कनेक्टरचं नाव आधी. 'पी३ ची आयओ२१' म्हटलं की शंका उरत नाही. 'पिन २१' हे दोन शब्द तक्त्यातून हद्दपार करावेत.

आत कोणाच्या, बाहेर कोणाच्या

सुटं २.८ इंची लाल मॉड्यूल घेतलं, आयएलआय९३४१ स्क्रीन आणि एक्सपीटी२०४६ टच असलेलं, तर त्यावर १४ पिनांची पट्टी येते: व्हीसीसी, जीएनडी, सीएस (चिप निवडणारी, खाली नेली की निवड), रीसेट, डीसी (डेटा की आदेश ते सांगणारी), एसडीआय, एससीके, एलईडी, एसडीओ, आणि मग टचच्या पाच: टी-क्लॉक, टी-सीएस, टी-डीआयएन, टी-डीओ, टी-आयआरक्यू (इंटरप्ट). मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की ऑनलाइन, याच्यासोबत कागद सहसा येत नाही. पिनांची नावं हाच काय तो कागद.

इथे एसडीआय म्हणजे स्क्रीनमध्ये *आत* येणारा डेटा. म्हणजे कंट्रोलरच्या बाजूने तो बाहेर जाणारा, मोसी. टी-डीआयएन टचच्या चिपमध्ये आत येतो, म्हणून तोही मोसीला. टी-डीओ चिपमधून बाहेर येतो, म्हणून मिसोला. सीरियल पोर्टची सवय असलेला माणूस टीएक्स-आरएक्ससारखं इथेही 'आत'ला 'बाहेर' उलटसुलट जोडायचं की सरळ, यावर अडतो. मोसी-मिसो ही नावं दोन्ही टोकांना तीच असतात, म्हणून मोसीला मोसी सरळ जोडायची. एसडीआय-एसडीओ ही नावं ज्या चिपवर छापली तिच्या बाजूची असतात, म्हणून तिथे उलट जोडायचं. आर्डुइनोच्या नव्या कागदांत कोपी आणि सिपो अशी नावं येतात. तीही मोसी-मिसोसारखीच दोन्ही टोकांना सारखी. तक्त्यात नावासोबत बाण काढला, 'कंट्रोलर → टच' असा, की नावांच्या तिन्ही पद्धती एका ओळीत समजतात. बाणाइतकं स्वस्त स्पष्टीकरण दुसरं नाही.

याच मॉड्यूलच्या दोन पिनांवर जास्त लिहायला हवं आणि कोणी लिहीत नाही. पहिली एसडीओ. बऱ्याच लाल मॉड्यूलांत सीएस वर नेल्यानंतरही स्क्रीनची चिप ही तार सोडत नाही. एसपीआयचा करार असा की ज्याला निवडलेलं नाही त्याने मिसो मोकळी ठेवावी. स्क्रीनने ती धरून ठेवली तर त्याच तारेवरच्या टी-डीओचं उत्तर चिरडलं जातं आणि टचचे आकडे ० किंवा ४०९५ वर अडकल्यासारखे येतात. स्क्रीनवरून पिक्सेल परत वाचायचे नसतील, आणि सहसा नसतात, तर एसडीओ जोडूच नये. तक्त्यात 'मिसो' असं लिहून मोकळं होण्यापेक्षा 'वाचन नको असेल तर तोडून ठेवा' ही ओळ जास्त कामाची.

दुसरी एलईडी. ही बॅकलाइटची वीज आहे, सिग्नल नाही. काही मॉड्यूलांत मागे ट्रान्झिस्टर असतो, काहींत नुसता रेझिस्टर. ट्रान्झिस्टर डोळ्यांनी दिसत नाही तोवर ती कंट्रोलरच्या पिनेला थेट जोडू नये, ३.३ व्होल्टला जोडून मीटरने करंट मोजावा आणि मग ठरवावं. व्हीसीसीचं आणखी एक: मागे जे१ नावाचे दोन ठिपके असतात. ते उघडे असतील तर वीज बोर्डावरच्या रेग्युलेटरमधून जाते आणि व्हीसीसीला ५ व्होल्ट द्यायचे. सोल्डरने जोडलेले असतील तर रेग्युलेटर वगळला जातो आणि ३.३ व्होल्टच द्यायचे. कुठल्याही स्थितीत बाकीच्या सिग्नल पिना ३.३ व्होल्टच्याच राहतात. 'व्हीसीसी: ५ व्होल्ट' एवढंच वाचून ज्याने आर्डुइनो उनोच्या ५ व्होल्टच्या सिग्नल तारा थेट जोडल्या, त्याला दोष कसा द्यायचा?

तीन संच, दोन यंत्रणा

परत सीवायडीकडे. स्क्रीनच्या तारा: क्लॉक १४, मोसी १३, मिसो १२, सीएस १५, डीसी २, बॅकलाइट २१, रीसेट वेगळी नाही, ती बोर्डाच्या रीसेटलाच बांधलेली आहे. टचच्या तारा पूर्ण वेगळ्या: क्लॉक २५, मोसी ३२, मिसो ३९, सीएस ३३, इंटरप्ट ३६. मेमरी कार्डाच्या तिसऱ्याच: क्लॉक १८, मोसी २३, मिसो १९, सीएस ५.

बहुतेक उदाहरणांत स्क्रीन आणि टच एकाच एसपीआयवर असतात, फक्त सीएस वेगळा. टीएफटी-ईएसपीआय ही लोकप्रिय लायब्ररीही तसंच धरून चालते. म्हणून तिच्या सेटअप फाइलमध्ये टचची सीएस ३३ टाकली तरी सीवायडीवर टच मुका राहतो. लायब्ररी १४-१३-१२ वर विचारते आणि टचची चिप २५-३२-३९ वर बसलेली असते. टचसाठी वेगळी लायब्ररी घेऊन तिला चारही पिना हाताने द्याव्या लागतात.

ते केलं की पुढचा खड्डा. ईएसपी३२ मध्ये वापरायला मोकळ्या एसपीआय यंत्रणा दोनच: एचएसपीआय आणि व्हीएसपीआय. तारांचे संच मात्र तीन. स्क्रीन एचएसपीआयवर, टच व्हीएसपीआयवर ठेवला आणि नंतर कार्ड सुरू केलं की कार्डाची लायब्ररी व्हीएसपीआय स्वतःच्या पिनांकडे ओढून घेते, आणि टच बंद पडतो. दोष कार्डात शोधला जातो, टचमध्ये शोधला जातो, सोल्डरमध्ये शोधला जातो. यावर उपाय म्हणजे टच सॉफ्टवेअरने चालवणं, ज्याला बिट-बँग म्हणतात. टचला वेग लागत नाही. एक्सपीटी२०४६ चा क्लॉक २.५ मेगाहर्ट्झच्या आसपासच ठेवतात, स्क्रीनचा त्याच्या वीसपट असू शकतो. त्यामुळे सॉफ्टवेअरने चालवूनही बोटाला फरक कळत नाही.

ही माहिती पिनांच्या तक्त्यात नसते, कारण ती कुठल्याच एका पिनेची नाही. तरी ती तिथेच हवी. तक्त्याखाली तीन ओळी: हे तीन संच स्वतंत्र आहेत, हार्डवेअर यंत्रणा दोन आहेत, तिन्ही एकदम हवे असतील तर टच सॉफ्टवेअरने चालवा.

रीसेटच्या क्षणी

जीपीआयओ ०, २, ५, १२ आणि १५ या पाच पिना ईएसपी३२ रीसेट होताना वाचतो आणि त्यावरून कसं उठायचं ते ठरवतो. सीवायडीवर यातल्या १२, १५ आणि २ स्क्रीनला, ५ कार्डाला आणि ० बूट बटणाला आहे. म्हणजे पाचही वापरात. बोर्ड जसा आहे तसा वापरला तर त्रास होत नाही. त्रास होतो तो सुट्या मॉड्यूलला डेव्हलपमेंट बोर्ड जोडून हीच मांडणी नक्कल करताना.

सगळ्यात वाईट १२. रीसेटच्या वेळी ही पिन वर असेल तर चिप समजते की फ्लॅश मेमरी १.८ व्होल्टची आहे, आणि ३.३ व्होल्टच्या फ्लॅशला तेवढीच वीज देते. मग सीरियल मॉनिटरवर 'फ्लॅश रीड एरर, १०००' असा संदेश येत राहतो. मिसो १२ वर घेतली आणि तिच्यावर पुल-अप रेझिस्टर असलेलं काही जोडलं, उदाहरणार्थ मेमरी कार्डाचं मॉड्यूल, की हे घडतं. लक्षण ओळखायची खूण: तारा काढल्या की बोर्ड उठतो, लावल्या की उठत नाही, पण बोर्ड आधी चालू करून मग तार लावली तर सगळं चालतं. अशा वेळी मिसो १९ वर न्यावी.

जीपीआयओ २ चं असं की कोड चढवताना ती खाली किंवा मोकळी हवी. तिच्यावर पुल-अप असेल तर चालू कोड चालतो, फक्त नवा चढत नाही, आणि माणूस यूएसबी केबल बदलत बसतो.

तक्त्यात 'बूट पिन' असा शिक्का मारणं पुरेसं नाही. 'रीसेटला खाली हवी, पुल-अप नको' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला कृती कळते.

टचचा इंटरप्ट

तक्त्यांत याच्यासमोर 'आयआरक्यू' एवढंच असतं. खरं तर या एका तारेवर अर्धं पान लिहिता येतं.

बोट टेकलं की ही तार खाली जाते, म्हणजे पडत्या कडेवर इंटरप्ट लावायचा. सीवायडीवर ती जीपीआयओ ३६ ला आहे, आणि तिथे आतला पुल-अप नाही. तार वर ठेवायचं काम एक्सपीटी२०४६ च्या आतला पुल-अप करतो. कोडमध्ये 'इनपुट पुल-अप' लिहिलं तरी त्या पिनेवर त्याचा काही उपयोग होत नाही.

चिपला दर वाचनाला जो एक बाइटचा आदेश जातो, त्याचे शेवटचे दोन बिट ठरवतात की वाचनानंतर इंटरप्ट जिवंत राहील की नाही. दोन्ही ० असतील तर चिप झोपते आणि इंटरप्ट चालू राहतो. दोन्ही १ असतील तर चिप जागी राहते आणि इंटरप्ट बंद. म्हणजे ०एक्सडी० पाठवून वाचलं तर पुढचा स्पर्श कळेल, ०एक्सडी३ पाठवून थांबलात तर नाही. पहिला स्पर्श लागतो आणि नंतर शांतता, असं होत असेल तर तारा तपासण्याआधी हा बाइट पाहावा. शिवाय आकडे वाचले जात असताना हीच तार वरखाली होते, म्हणून वाचनापुरता इंटरप्ट बंद ठेवायचा.

आता यातली सर्वात अडचणीची गोष्ट. ईएसपी३२ बनवणाऱ्या एस्प्रेसिफने तिच्या दोषांची जी यादी प्रसिद्ध केली आहे तिच्यात हे नोंदलेलं आहे: एडीसीसारखे (ॲनालॉग व्होल्ट मोजणारा भाग) काही भाग चालू होताना जीपीआयओ ३६ आणि ३९ सुमारे ८० नॅनोसेकंद खाली ओढल्या जातात. सीवायडीवर ३६ टचचा इंटरप्ट आहे आणि ३९ टचची मिसो. प्रकाशाचा सेन्सर ३४ वर आहे आणि तो एडीसीनेच वाचतात. म्हणजे खोलीतला उजेड मोजायला गेलात की कोणी हात न लावता 'स्पर्श झाला' असा इंटरप्ट येऊ शकतो. इंटरप्ट आला की त्यावर लगेच विश्वास न ठेवता दाबाचं वाचन घ्यावं आणि ते ठरावीक मर्यादेच्या वर असेल तरच स्पर्श धरावा. हे ज्याला माहीत नाही तो भुताचा टच म्हणून स्क्रीन बदलून घेतो.

जाता जाता: त्या प्रकाश सेन्सरचा आकडा उजेड वाढला की कमी होतो. आणि पाठीमागच्या तिरंगी एलईडीच्या पिना, लाल ४, हिरवा १६, निळा १७, खाली नेल्या की दिवा लागतो. दोन्ही उलट्या चालीच्या आहेत. 'शून्य म्हणजे चालू' असे तीन शब्द लिहायला काय जातं?

कनेक्टर, रंग आणि पट्ट्या

पी१ वर व्हीआयएन, टीएक्स, आरएक्स, जीएनडी. हे टीएक्स-आरएक्स यूएसबीच्या चिपला गेलेलेच आहेत, जीपीआयओ १ आणि ३. त्यामुळे तिथे जीपीएस मॉड्यूल जोडून ठेवलं तर कोड चढवताना अडथळा येतो, आणि बोर्ड उठताना जो मजकूर ११५२०० बॉडवर बाहेर पडतो तो जोडलेल्या उपकरणाला कचरा म्हणून मिळतो. तक्त्यात 'यूएसबीशी सामाईक' असं लिहावं.

पी४ स्पीकरचा. जीपीआयओ २६ वरचा आवाज छोट्या ॲम्प्लिफायरमधून इथे येतो. त्याच्या दोन्ही पिना ॲम्प्लिफायरचे आउटपुट आहेत, त्यातली एकही जीएनडी नाही. स्पीकरची एक तार 'मायनस' समजून जमिनीला जोडली तर ॲम्प्लिफायरचं अर्ध अंग शॉर्ट होतं.

हे कनेक्टर १.२५ मिलिमीटर अंतराचे, ब्रेडबोर्डच्या २.५४ मिलिमीटरच्या तारा त्यात बसत नाहीत. सोबत मिळणाऱ्या केबलच्या रंगांवर विसंबू नये. केबल बनवणाऱ्याला लाल तार कुठल्या टोकाला येणार हे ठाऊक नसतं, आणि ती खुशाल जीएनडीवर येऊन बसते. आय-टू-सी सेन्सरसाठी जागा आहे सीएन१: जीएनडी, आयओ२२, आयओ२७, ३.३ व्होल्ट. लायब्ररीला एसडीए २७, एससीएल २२ असं स्पष्ट सांगायचं, झालं. आयओ२७ वर ॲनालॉग वाचायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, ती एडीसी-२ ची पिन आहे आणि वायफाय चालू असताना ते वाचन मिळत नाही. ॲनालॉग सेन्सरला आयओ३५ चांगली, ती एडीसी-१ वर आहे.

मोठ्या पॅनेलांत तारांऐवजी चपटी पट्टी येते, आणि तिथली चूक धूर काढते. ४.३ किंवा ५ इंची ४० पिनांच्या पॅनेलांवर नेहमी आढळणारी मांडणी अशी: १ आणि २ वर बॅकलाइटचे उणे-अधिक, ३७ ते ४० वर रेझिस्टिव्ह (दाबाने चालणाऱ्या) टचच्या चार तारा. पट्टीचे संपर्क दोन्ही टोकांना एकाच बाजूला असतात किंवा विरुद्ध बाजूंना. चुकीची घेतली तर १ ची जागा ४० ला जाते, आणि बॅकलाइटचे पंधरा-वीस व्होल्ट टचच्या तारेवर. म्हणून कनेक्टरच्या वर्णनात तीन गोष्टी लागतात: एक क्रमांकाची पिन कुठल्या टोकाला, संपर्क वरून की खालून, आणि अंतर किती, सहसा ०.५ मिलिमीटर. फोटो असेल तर उत्तम, पण बाण काढलेला.

उघड्या चार तारांचा रेझिस्टिव्ह टच असेल तर नावं शोधायला मीटर पुरतो. कशालाही न जोडता दोन-दोन तारांत ओम मोजावेत. ज्या दोन तारांत काही शे ओम येतात त्या एका दिशेच्या, उरलेल्या दोन दुसऱ्या. एक्स आणि वाय यांच्यात बोट न टेकवता मार्ग उघडा दिसला पाहिजे. मग एका जोडीला ३.३ व्होल्ट आणि जीएनडी द्या, दुसऱ्या जोडीतल्या एका तारेवर व्होल्ट मोजा आणि बोट सरकवा. ज्या दिशेने आकडा चढतो ती त्या जोडीची अधिक बाजू.

कपॅसिटिव्ह असेल तर

मॉडेलच्या शेवटी आर म्हणजे रेझिस्टिव्ह, सी म्हणजे कपॅसिटिव्ह, फोनच्या स्क्रीनसारखा. सी आला की एसपीआय जाऊन आय-टू-सी येतं, आणि पिना चारच राहतात: एसडीए, एससीएल, आयएनटी, आरएसटी. सोपं वाटतं, पण जीटी९११ या चिपमध्ये आयएनटी दोन भूमिका करते. रीसेट सुटतो त्या क्षणी ती खाली असेल तर चिपचा पत्ता ०एक्स५डी, वर असेल तर ०एक्स१४. त्यानंतर तीच तार आउटपुट होऊन स्पर्शाची खबर देते. त्यामुळे आयएनटी समोर नुसतं 'आउटपुट' लिहिणं अर्धसत्य आहे. आयएनटी जोडलीच नाही तर पत्ता कधी हा, कधी तो. क्रम असा: आरएसटी खाली, आयएनटी हव्या त्या पातळीला, मग आरएसटी वर, किमान ५ मिलिसेकंद थांबा, आणि मगच आयएनटी इनपुट करा.

डेटाशीटमध्ये याच पत्त्यांऐवजी ०एक्सबीए आणि ०एक्स२८ दिसतील. ते वाचन-लेखनाचा बिट धरून लिहिलेले आठ बिटांचे आहेत; आर्डुइनोला सात बिटांचे लागतात, म्हणजे निम्मे. कागदावर पत्ता देताना किती बिटांचा ते लिहा. सीएसटी८१६एस या गोल घड्याळांत असणाऱ्या चिपचा पत्ता ०एक्स१५, पण ती झोपलेली असेल तर आय-टू-सी स्कॅनरला (पत्ते शोधणाऱ्या कोडला) उत्तरच देत नाही. स्कॅन चालू असताना स्क्रीनवर बोट ठेवा, तेव्हा सापडते.

एक ओळ कशी दिसावी

मूळ: 'आयओ२१ – जीपीआयओ'.

सुधारित: 'पी३ ची आयओ२१. बॅकलाइटच्या ट्रान्झिस्टरशी कायम जोडलेली. वर म्हणजे उजेड. आउटपुट म्हणून वापरल्यास स्क्रीनचा उजेड बदलेल. आय-टू-सीसाठी वापरू नये, त्यासाठी सीएन१ ची आयओ२७. ३.३ व्होल्ट.'

मूळ: 'आयओ३६ – टच आयआरक्यू'.

सुधारित: 'जीपीआयओ ३६, मॉड्यूलचा पाय ४, सेन्सर-व्हीपी. टच → कंट्रोलर. स्पर्श झाला की खाली. फक्त इनपुट, आतला पुल-अप नाही. एडीसी चालू होताना खोटा इंटरप्ट येऊ शकतो. दाब वाचून खात्री करावी.'

लिहिण्याआधी प्रत्येक ओळ तपासायची असते, आणि दुसऱ्याच्या तक्त्यावरून उतरवण्यापेक्षा ते सोपं आहे. बोर्डाची वीज काढा, मीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक टोक कनेक्टरवर, दुसरं मॉड्यूलच्या पायांवरून फिरवा. बीप एका पायावर थांबला तर ठीक. रेझिस्टर मध्ये असेल तर बीप येणार नाही, तिथे ओम मोजा. मग वीज देऊन एकेक पिन सेकंदाला वर-खाली करणारा छोटा कोड चालवा आणि कनेक्टरवर व्होल्ट पाहा. ३.३ आणि ० मध्ये आकडा हलला नाही तर ती इनपुट पिन आहे किंवा दुसरं कोणी तिला धरून बसलंय. ही चाचणी बूट पिनांवर आणि ६ ते ११ वर करू नका. ६ ते ११ फ्लॅशच्या तारा आहेत, हात लावला की बोर्ड जागीच कोसळतो.

तक्त्याच्या डोक्यावर बोर्डाची आवृत्ती लिहायला विसरू नका, आणि ती ओळखायची खूणही. ईएसपी३२-२४३२एस०२८आर या एकाच नावाने एक यूएसबी असलेला बोर्डही मिळतो आणि दोन यूएसबी असलेलाही. पिना त्याच, पण दोन यूएसबीवाल्यात स्क्रीनची चिप बहुधा एसटी७७८९ असते, आणि आयएलआय९३४१ चा सेटअप चढवला तर रंग उलटे दिसतात. ३.५ इंची भावंडात, ईएसपी३२-३२४८एस०३५ मध्ये, बॅकलाइट २१ वर नाही, २७ वर आहे, तिथे २.८ इंचीचा कोड चढवला तर सगळं चालू असून स्क्रीन काळी राहते. टॉर्च तिरका धरून पाहिलं तर चित्र अंधुक दिसतं. तसं दिसलं की स्क्रीन शाबूत आहे, फक्त कोडमधला बॅकलाइटचा आकडा बदलायचा.